नाकारलं नाही ते कबूल

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, असं धोंडिराम साळवे आधीच सांगून टाकतात, म्हणजे नंतर कोणी तक्रार करायला नको. मग म्हणतात, डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगतो, नाहीतर मलाही पटलं नसतं. किरण सोसायटीत नुकताच भाड्याने राहायला आला होता, कॅरमच्या आवाजामागे खाली उतरला आणि धोंडिरामांच्या तावडीत सापडला. समोर शेवंतीबाई धुरी सोंगट्या लावत बसल्या होत्या. गोष्ट त्यांचीच. पण धोंडिराम सांगायला लागले की त्या मध्ये तोंड घालत नाहीत. वाहत्या नळाखाली हात धरून पाणी थांबत नाही, हे त्यांना या सोसायटीत राहून पुरतं कळलेलं आहे.

तर गोष्ट अशी.

दिंडोशीच्या या सोसायटीत दोन विंग, ए आणि बी, आणि दोघींचं एकमेकींशी कधी पटलं नाही. फार मागे एकदा सर्वसाधारण सभेत खुर्च्या उडाल्या. त्यातली एक अशी उडाली की थेट जोगेश्वरीला सापडली आणि तिला रिक्षा करून परत आणावं लागलं. तेव्हापासून ठरलं, ज्या भांडणाचा निकाल सभेत लागत नाही ते सव्वीस जानेवारीला वादविवाद स्पर्धेत मिटवायचं. सकाळी झेंडावंदन, दुपारी सत्यनारायण, संध्याकाळी वादविवाद. प्रत्येक विंगचा एक वक्ता. जो जिंकेल त्याच्या विंगचं म्हणणं सगळ्यांनी निमूट ऐकायचं. पोटात पूजेचा शिरा असताना माणूस खुर्ची उचलत नाही, असा त्यामागचा हिशेब.

पंच म्हणून श्यामकांत बाईत. जन्मभर कोर्टात कारकुनी केलेली. निवृत्त होताना लोक शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात, बाईत एक नियम घेऊन आले. समोरच्याचं जे म्हणणं तुम्ही नाकारलं नाही, ते तुम्हाला कबूल आहे असं धरायचं. कोर्टात हे शोभतं, तिथे उत्तर द्यायला तारखेवर तारीख मिळते. इथे मिळायची मोजकी मिनिटं. पण बाईतांनी नोटीस बोर्डाशेजारी काळा फळा टांगला, खडू हातात घेतला आणि नियम लागू झाला. मुद्दा आला की फळ्यावर लिहायचा, उत्तर मिळालं की त्यावर काट मारायची, आणि शेवटी ज्याचे जास्त मुद्दे बिनकाटीचे उरतील तो जिंकला.

तेही बरीच वर्षं ठीक चाललं. कारण लोक बोलायचे माणसासारखे. दोन मुद्दे, एखादा किस्सा, आणि शेवटी समोरच्याच्या आजोबांचा उद्धार. मग ए विंगमधल्या महाडिकांचा सुशांत कॉलेजात गेला आणि वादविवादाची बक्षिसं घेऊन परत आला.

सुशांत पोरगा वाईट नव्हे. जाता-येता पाया पडणारा. पण बोलायला उभा राहिला की त्याच्या आत कोणीतरी गिरणी सुरू करायचं. बरोबर बोलायची गरज नाही, भरपूर बोलायचं, एवढंच तो शिकून आला होता. एक मुद्दा टाकायला त्याला जितका वेळ लागे, तितक्यात समोरच्याचा नमस्कारसुद्धा पुरा होत नसे. आणि तो खोडायला लागायचा चांगला अर्धा तास. घाटकोपरला एका सोसायटीत असं झालं, मुलुंडला तसं झालं, अमुक डॉक्टर असं म्हणतात. कोणती सोसायटी, कुठला डॉक्टर, हे विचारेपर्यंत तो पुढच्या गल्लीत.

शेवंतीबाई बी विंगच्या वक्त्या. नोकरी टेलिफोन खात्यात झालेली, बोलण्यात कोणाला हार जाणाऱ्या नव्हेत. पण त्यांची एक खोड होती. त्यांना मुद्दा अर्धा सोडता यायचा नाही. समोरचा म्हणाला की मागच्या गेटातून कुत्री येतात, की त्या विचारणार कुठली कुत्री, कधी आली, कोणाला चावली, आणि ज्याला चावली त्याने आधी त्याला दगड मारला होता की नाही. असं मागच्या गेटाच्या वादात झालं. बाईंनी कुत्र्यांचा असा निकाल लावला की कुत्र्यांनीही मान डोलवावी. तोवर वेळ संपल्याचं ताट वाजलं, सुशांतचे बाकीचे मुद्दे फळ्यावर तसेच बिनकाटीचे, आणि बाईतांनी खडू खाली ठेवून सांगून टाकलं, की उरलेलं सगळं बी विंगला कबूल आहे. गेट बंद झालं. तेव्हापासून बी विंगमधलं प्रत्येक माणूस भाजीची पिशवी घेऊन अख्ख्या सोसायटीला वळसा घालतं, आणि वळसा घालताना शेवंतीबाईंच्या खिडकीकडे बघतं.

बाईंचा जीव त्या वळशाने नुसता कावला होता. मी खोटी पडले असते तर वाईट वाटलं नसतं, असं त्या ज्याला त्याला सांगायच्या. मला खोटं कोणी पाडलंच नाही. मला पुरून टाकलं.

आणि या वर्षी विषय निघाला कॅरमच्या खोलीचा.

बी विंगच्या तळमजल्याला पंपाशेजारी एक खोली आहे. वर टोपीवाला दिवा, मधे कॅरमचा पाट, चार स्टुलं, कोपऱ्यात पावडरचा डबा. ए विंगला ती पार्सलं ठेवायला हवी होती. दिवसभर माणसं येतात, खोकी देतात, वॉचमनच्या केबिनमध्ये वॉचमनलाच उभं राहायला जागा उरत नाही. मागणी चुकीची होती असं नाही. पण खोली तीच का, हे शेवंतीबाईंना कळत नव्हतं. वर गच्चीच्या जिन्यापाशी जागा आहे, इकडे सोसायटीचं ऑफिस महिन्यातले बहुतेक दिवस कुलूप लावून बसलेलं असतं.

कारण ती खोली गेली तर बाई जाणार कुठे? त्यांचं घर म्हणजे दोन खोल्या. मुलगा देवेश कामाला जातो, सून श्रुतिका घरूनच काम करते. पोरगी गुणाची, पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिचा कॉल चालू. घरात आवाज म्हणून करायचा नाही. कुकरची शिट्टी बंद, म्हणून डाळ पातेल्यात शिजते. बाईंना एकदा शिंक आली, तर परदेशातल्या साहेबाने तिकडून काळजी घ्या म्हणून सांगितलं आणि श्रुतिका दिवसभर लाजेने पाणी पाणी झाली. टेलिफोन खात्यात जन्म काढलेली बाई आपल्याच घरात खुणेने बोलायला लागली. दुपारी खाली येऊन स्ट्रायकर मारला, की मग त्यांचा घसा मोकळा व्हायचा. त्या खोलीत त्या कोणाची सासू नव्हत्या. तिथे त्या राणी काढायच्या, आणि काढताना मोठ्याने बोलायच्या.

तेव्हा बाईंनी ठरवलं, यंदा आपणही भरभर बोलायचं. सराव करायला जागा घरचीच, आणि घरात तोंड उघडायची सोय नाही. म्हणून त्या नुसते ओठ हलवून सराव करायच्या. ओट्याशी उभ्या राहायच्या आणि ओठ इतक्या वेगाने हलवायच्या की समोरचा गॅस विझायचा. श्रुतिकाने देवेशला सांगितलं की आईंना काहीतरी झालंय. देवेशने सिलिंडरवाल्याला बोलावलं. सिलिंडरवाला म्हणाला, गॅसमध्ये दोष नाही, वारा कुठून येतो ते बघा.

पण आवाज लावला की सगळा वेग गळून पडायचा. पहिल्या मुद्द्यावर आल्या की थांबून त्याचा नीट समाचार घ्यावासा वाटायचा. धोंडिरामांनी पुढे बसून घड्याळ लावलं, काही मुद्दे सोडून द्यायला शिकवलं. दोनतीन सोडा, मोठे पकडा. बाई वैतागून म्हणाल्या, "धोंडीभाऊ, खोटं बोललेलं सोडून कसं द्यायचं? ते तिथेच पडून राहतं ना. मग लोक त्याला खरं म्हणतात."

यावर धोंडिरामांकडे उत्तर नव्हतं, म्हणजे बाईतांच्या हिशेबाने त्यांनाही ते कबूल.

सव्वीस जानेवारी उजाडली. झेंडा झाला, पूजा झाली, शिऱ्याचे द्रोण फिरले. संध्याकाळी आवारात गाड्या बाजूला घेऊन खुर्च्या मांडल्या. पहिल्या रांगेत ए विंगचे काशीराम नाना, कानात नवीन मशीन घालून. बाईतांनी फळा पुसला, नवा खडू काढला, हातात पळी आणि ताट घेतलं, आणि सुशांतला सुरू कर म्हणून मान हलवली.

सुशांत उठला. त्याने श्वास घेतला तो शेवटचा.

वॉचमनची कमर, आजारी माणसांची औषधं, पार्सलांच्या चोऱ्या, कॅरमच्या पावडरने होणारा दमा, सोंगट्यांच्या आवाजाने बिघडणारा मुलांचा अभ्यास, खोलीचं लाइट बिल, मुलुंडच्या सोसायटीतला अनुभव, बोरिवलीच्या सोसायटीतला अनुभव, जागेचा भाव, म्हाताऱ्यांचे गुडघे, बसण्याने होणारे तोटे, उभं राहण्याचे फायदे. बाईतांचा हात दिसेनासा झाला. फळा भरला. बाईतांनी भिंतीवर लिहायला घेतलं. भिंत भरली, पंपाचं दार भरलं. पुढे सेक्रेटरींची काळी गाडी उभी होती, तिच्या बॉनेटवर त्यांनी मुलुंड संपवून बोरिवली सुरू केली. खडू झिजून बोटात नख उरलं, तरी बाईत नखाने लिहीत होते. काशीराम नानांच्या कानातलं मशीन शिट्टी मारायला लागलं. त्यांनी ते काढून तळहातावर ठेवलं, तर ते तिथेही थोडा वेळ बोलत राहिलं, कारण आत साठलेलं बाहेर यायला वेळ लागत होता. पुढच्या रांगेतल्यांच्या द्रोणातला शिरा त्या बोलण्याच्या वाऱ्याने गार पडला. सुशांतच्या आईने पाणी आणून दिलं, ते पिताना त्याने जागेच्या भावावर आणखी दोन मुद्दे मांडले.

शेवंतीबाई खुर्चीवर बसून हे ऐकत होत्या. सुरुवातीला त्यांनी बोटांवर मुद्दे धरले. बोटं संपली. शेजारच्या बाईची बोटं उसनी घेतली, तीही संपली. पावडरने दमा होतो म्हणतो, तर इतकी वर्षं खेळणाऱ्या माझ्या फुप्फुसाचं काय, हे उत्तर त्यांनी मनात तयार केलं, तोवर दमा सहा मुद्दे मागे गेला होता. त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागली. ह्याच्या तोंडाक झाकण नाय काय, एवढंच त्या स्वतःशी पुटपुटल्या. त्यांना रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि राग काढायला जागा नव्हती, कारण ज्याच्यावर काढावा ते वाक्य कधीच निघून गेलेलं असायचं.

आणि इथे सुशांतचं चुकलं.

त्याचे मुद्दे संपले. वेळ मात्र उरला. साध्या माणसाने आभार मानून खाली बसावं. पण कॉलेजात त्याला शिकवलं होतं की उरलेल्या वेळात समोरच्याचे मुद्दे आधीच आपण मांडायचे आणि आपणच उडवायचे, म्हणजे त्याला उठायला तोंड राहत नाही. एकेक मांडून एकेक उडवायचा, ही रीत. सुशांतला घाई. त्याने ठरवलं, आधी सगळे मांडतो आणि शेवटी एका फटक्यात सगळे उडवतो.

समोरची बाजू म्हणेल की, असं म्हणून त्याने सुरुवात केली. म्हणेल की घरात दिवसभर कॉल चालू असतो, म्हाताऱ्या माणसांनी तोंड कुठे उघडायचं. म्हणेल की दोन्ही विंगची माणसं एकत्र बसतात ती हीच एक जागा. म्हणेल की सोसायटीचं ऑफिस कुलूप लावून रिकामं असतं, पार्सलं तिथे ठेवा. म्हणेल की खोकं ठेवायला कोपरा पुरतो, माणसाला खोली लागते. काय काय म्हणाला. शेवंतीबाई ऐकतच राहिल्या. त्यांना स्वतःला जे शब्दात पकडता आलं नव्हतं, ते हा पोरगा त्यांच्यापेक्षा चांगलं बोलत होता. ए विंगच्या बायका पदर डोळ्यांना लावायला लागल्या. बाईत बॉनेटवरून टपावर चढले होते आणि तिथे लिहीत होते.

सगळं मांडून झालं. सुशांतने एका फटक्यासाठी हात वर केला.

बाईतांनी ताट वाजवलं.

आवार इतकं शांत झालं की काशीराम नानांना मशीनशिवाय ऐकू आलं. सुशांतचा हात वरच राहिला. बाईत टपावरून खाली उतरले आणि त्यांनी बी विंगला उत्तर द्यायला बोलावलं.

शेवंतीबाई उभ्या राहिल्या. इतके दिवस ओठ हलवून केलेला सराव, बोटांवर धरलेली उत्तरं, कुत्र्यांपासून साचलेला सगळा राग घशाशी आला होता. पण त्या घाईत बोलल्या नाहीत. अगदी सावकाश बोलल्या.

"बाईतसाहेब, माझं जे म्हणणं आहे ते या पोराने सांगितलं. ते त्याने नाकारलं नाही. मी तरी कशाला नाकारू?"

आणि त्या खाली बसल्या.

बाईतांनी डोळे मिटले. कोर्टातली सगळी वर्षं त्यांच्या कपाळावर गोळा झाली. एकाच माणसाने एकाच दमात खोली हवी असंही म्हटलं आणि खोली देऊ नये असंही म्हटलं, तर शेवटचं म्हणणं त्याच्यावर बंधनकारक, असा त्यांनी निवाडा दिला. मग ओला फडका घेऊन त्यांनी स्वतःच फळ्यापासून बॉनेटपर्यंत एकेका मुद्द्यावर काट मारत आणली. टपावरच्यांना हात लावला नाही.

सुशांतला ते सहन होईना. तो उठून स्वतःच्या मुद्द्यांना उत्तर द्यायला लागला. उत्तर दिलं की त्याच्यातला दुसरा सुशांत त्याला प्रत्युत्तर द्यायचा. तो इतका वेगाने दोन्ही बाजूंनी बोलत होता की बघणाऱ्याला दोन सुशांत दिसायचे, एक ए विंगकडे तोंड केलेला, एक बी विंगकडे. शिरा संपला, खुर्च्या उचलल्या, तरी दोघांचं चालूच. शेवटी त्याच्या आईने त्याला ओढत नेलं, आणि जिन्यात दुसरा मजला येईपर्यंत तो स्वतःशी हरत होता.

असं सांगून धोंडिरामांनी दम घेतला. किरण तोंड उघडं टाकून ऐकत होता. धोंडिरामांनी पावडर चिमटीत घेतली, पाटावर उडवली आणि मोठ्या समाधानाने म्हणाले, की अशी शेवंतीने आपली खोली वाचवली, आणि म्हणून आजही या सोसायटीत दुपारचा कॅरम त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली.

किरणने आजूबाजूला बघितलं. मग त्याने शेवंतीबाईंकडे बघितलं.

बाईंनी राणी मधोमध ठेवली. त्यांच्या कपाळाची शीर उडत होती.

"धोंडीभाऊ, सांगायला लाज कशी वाटत नाही हो?" त्या म्हणाल्या. "जिन्याखाली बसलोय आपण. स्ट्रायकर मारायला वाकले की पायरी लागते माझ्या डोक्याला. खोलीत पार्सलं आहेत, दार उघडलं की अंगावर येतात. सुशांतने काही माझे मुद्दे मांडले नाहीत, तो आपलेच मांडत राहिला. मी त्याच्या दम्याला नीट उत्तर देत होते, तेवढ्यात ताट वाजलं आणि बाकी सगळं मला कबूल धरलं. हरले मी. मारा आता, पाळी तुमची."